मे महिन्यात टोचन ओढलं आणि ट्रक मिसिंग मारायला लागला: तपास कुठून सुरू करायचा

बंद पडलेली गाडी रॉड लावून दुसऱ्या ट्रकने घाट चढवून आणायची (हेच टोचन), तीही भर उन्हात, म्हणजे इंजिनाची सगळ्यात कडक परीक्षा. स्वतःच्या लोडवर मागच्या गाडीचं वजन. गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, ताशी १०-१५ किलोमीटरने. इंजिन जवळजवळ पूर्ण ताकदीवर, आणि रेडिएटरला समोरून येणारा वारा नाहीच. बाहेर ४२ अंश. कसारा किंवा खंबाटकी चढून वर आल्यावर टोचन सुटतं, आणि परतीच्या वाटेवर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर सांगतो, "गाडी मिसिंग मारतेय, थरथरतेय, दम धरत नाही." मिसिंग म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन अडखळतं.

अशा वेळी गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते "नोझल गेले", म्हणजे डिझेल फवारणारे इंजेक्टर खराब झाले. कधी खरंच गेलेले असतात. पण उष्णतेने मुळात कच्चं असलेलं काहीही उघडं पडतं: मऊ पडलेला रबरी पाइप, अर्धा चोंदलेला फिल्टर, सैल झालेला कनेक्टर, आधीच थकलेलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील). म्हणून तपासाचा क्रम फुकटाकडून महागाकडे ठेवायचा, आणि मधली एकही पायरी सोडायची नाही.

पुढचं सगळं कॉमन रेल इंजिनाला (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) धरून आहे, म्हणजे बीएस ४ (देशभर एप्रिल २०१७ पासून) आणि बीएस ६ (एप्रिल २०२० पासून) गाड्या, चार किंवा सहा सिलिंडर. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला जिथे वेगळं लागू होतं तिथे तसं लिहिलं आहे. आकडे साधारण आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

गाडी थांबल्या थांबल्या

काटा लाल पट्टीच्या खाली असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. ३ ते ५ मिनिटं आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू द्या. टर्बोची (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या पंख्याची) शाफ्ट तापलेली असते, ऑइल थांबलं की तिथेच जळून कोळसा होतो. शिवाय पाणी फिरायचं थांबलं की हेडमधली उष्णता एका जागी साचते. काटा लाल पट्टीत गेला असेल आणि कूलंट बाहेर फेकलं असेल, तर मात्र लगेच बंद. पाण्याशिवाय आयडलवर ठेवून काहीच थंड होत नाही.

रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. १ बारचं झाकण असेल तर आतलं साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल झालं की ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताने दाबता आला पाहिजे. तापलेल्या ब्लॉकवर किंवा रेडिएटरवर बादलीभर गार पाणी ओतणं म्हणजे हेडला तडा देणं. घाटात वेळ मारून न्यायला बोअरचं पाणी भरलं असेल तर घरी आल्यावर ते सगळं काढून ५०:५० कूलंट भरा. क्षारांचा थर आधी हेड आणि लायनरभोवतीच्या सगळ्यात गरम जागांवर बसतो.

आणि बिडी-काडी लांब ठेवा. डिझेल पेट घेत नाही हा समज उन्हाळ्यात खरा राहत नाही. आपल्याकडच्या आयएस १४६० मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश धरलेला आहे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतली हवाच त्याच्या वर असते, टाकीतलं डिझेल तर आणखी तापलेलं.

ड्रायव्हरला चार प्रश्न

हत्यार हातात घेण्याआधी उत्तरं कागदावर लिहून घ्या, कारण पुढचा अर्धा तपास त्यांवरच ठरतो.

मिसिंग गाडी गरम असताना आहे की थंड असताना? आयडलवर आहे की चढावर लोड आल्यावर? धूर कोणत्या रंगाचा? आणि टोचनच्या आधी व नंतर कूलंट किंवा ऑइल कमी-जास्त झालं का?

फक्त गरम असताना, आणि थंड झाल्यावर गाडी सरळ: पातळ झालेलं डिझेल, हवा घेणं, इंजेक्टरची गळती किंवा एखादा सेन्सर. फक्त सकाळी थंड स्टार्टला, मिनिटभर पांढरा धूर आणि मग ठीक: हेड गॅस्केटकडे बघा, बाकीचं नंतर. फक्त चढावर आणि काळा धूर: हवेची बाजू, म्हणजे एअर फिल्टर, टर्बोचे होज, इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी). चढावर दम नाही आणि धूरही नाही: डिझेल पोचत नाहीये. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो किंवा रिंग.

इंजिनच आहे ना?

हे विचारायला विचित्र वाटतं, पण टोचननंतरच्या थरथरीतल्या काही गाड्यांचं इंजिन अगदी ठणठणीत असतं. टोचन ओढताना झटके बसतात. त्यात इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) फाटतं, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) ढिला होतो, क्लच प्लेट जळते.

न्यूट्रलमध्ये, गाडी उभी, १५०० आरपीएमवर धरा. मग क्लच दाबा, सोडा. क्लच दाबल्यावर थरथर बदलली तर क्लच, प्रेशर प्लेट किंवा फ्लायव्हीलचा प्रश्न. उभ्या गाडीत काहीच नाही आणि ४०-५० च्या वेगाला थरथर येते, तर क्रॉस आणि सेंटर बेअरिंग. फाउंडेशन बघायला हँडब्रेक ओढून, चाकांना ओट लावून, एकाने किंचित क्लच सोडत इंजिनावर लोड द्यायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचललं जातंय ते बघायचं. एक बाजू बोटभर उचलली जात असेल तर रबर गेलं. गाडीच्या पुढे-मागे उभं राहून हे बघू नका.

आरपीएमचा काटाच हलतोय, एक्झॉस्टचा आवाज "भक-भक" तुटतोय, तर इंजिनच. पुढे चला.

डिझेलची कमी दाबाची बाजू

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आधी कारण समजून घ्या, म्हणजे काय शोधतोय ते कळेल.

कॉमन रेलमध्ये पंप जितकं डिझेल दाबतो त्यातलं बरंचसं इंजेक्टर आणि रेलमधून परत टाकीत येतं, तेही गरम होऊन. टाकी भरलेली असेल तर ते मोठ्या साठ्यात मिसळून थंड होतं. टाकी पाव असेल तर तेच ५०-६० लिटर पुन्हा पुन्हा फिरतं आणि दर फेरीला आणखी तापतं. मानकाप्रमाणे ४० अंशांना डिझेलची व्हिस्कॉसिटी २ ते ४.५ सेंटीस्टोक असते. ८० अंशांना ती निम्म्यावर किंवा त्याखाली येते. पातळ डिझेल झिजलेल्या भागांतून जास्त गळतं, त्यामुळे पंपाला दाब धरता येत नाही. शिवाय ४० अंशांनी तापलेलं डिझेल फुगून तेवढ्याच लिटरमागे साधारण ३ टक्के हलकं होतं. म्हणजे तितकी ताकद कमी. बऱ्याच इंजिनांत डिझेल फार तापलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच पॉवर कापतो. टोचन ओढायचं असेल तर टाकी अर्ध्याच्या वर ठेवायची, ती याच कारणाने.

आता हात घाला.

१. टाकीचं झाकण. मिसिंग सुरू असताना झाकण उघडा. "सूंऽऽ" करत हवा आत ओढली गेली आणि मिनिटाभरात गाडी सुधारली, तर तपास इथेच संपला. झाकणाचं हवेचं भोक धुळीने बंद असतं. किंवा चोरीच्या भीतीने बसवलेल्या कुलपाच्या झाकणाला भोकच नसतं. किंवा डिझेल उडू नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावलेली असते. आयडलवर डिझेल कमी लागतं म्हणून काही जाणवत नाही. पूर्ण लोडवर तासभर ओढल्यावर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंप उपाशी राहतो.

२. पाणी. वॉटर सेपरेटरचा खालचा नळ उघडून पारदर्शक बाटलीत साधारण पाव लिटर काढा आणि १०-१५ मिनिटं तशीच ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी. डिझेल गढूळ, दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळून गेलेलं. टाकी उतरवून साफ केल्याशिवाय फिल्टर बदलण्यात अर्थ नाही. बीएस ६ गाडीत टाकीजवळ आणि नळाच्या तोंडाशी पांढरे स्फटिक दिसले तर कुणीतरी युरिया (डीईएफ) डिझेलच्या टाकीत ओतलाय. तशी गाडी चालूच करू नका.

३. फिल्टर. शेवटचा कधी बदलला ते विचारू नका, उघडून बघा. जुना फिल्टर कापून कागद उलगडा. काळा चिकट गाळ असेल तर टाकीतली घाण. तांबडा असेल तर गंज. आणि कागदाच्या घडीत चांदीच्या भुकटीसारखी चमक असेल, ती बोटावर चोळल्यावरही चमकत असेल, तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय किंवा परतीच्या डिझेलमधून धातू टाकीत आलाय. अशा गाडीत नुसते नोझल बदलले तर नवे नोझलही महिन्याभरात जातात. पंप, रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी, सगळी लाइन बघावी लागते. खर्च मोठा आहे, पण तो टाळल्याने दोनदा होतो.

फिल्टर किती चोंदलाय ते मोजायचं असेल तर फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) आधी व्हॅक्यूम गेज लावा. पूर्ण रेसला १० इंच पाऱ्याच्या (सुमारे ०.३५ बार) आसपास किंवा वर गेलं तर ओढण्याच्या बाजूला अडथळा आहे: फिल्टर, टाकीतली जाळी किंवा दबलेला पाइप.

४. पाइप. इथे डोळा फसतो. गावातल्या दुकानातून मीटरवर घेतलेला साधा रबरी पाइप थंड असताना कडक आणि गोल दिसतो. इंजिन तापलं की तो मऊ पडतो, आणि पंपाच्या ओढीने आतल्या बाजूला चपटा होतो. म्हणून पाइप इंजिन गरम आणि चालू असताना बघायचा. एक्झॉस्टजवळून गेलेला भाग आधी. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून दोन बोटांत धरून बघा, दबलेला भाग लगेच कळतो.

५. हवा. ओढण्याच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून "कुठे ओलं नाही" याचा अर्थ "लाइन ठीक आहे" असा होत नाही. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक, डिझेलला चालणारा पाइप जोडा आणि रेस द्या. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सोडा, सतत फेस येत राहिला तर हवा घेतेय. तपासायच्या जागा ठरलेल्या: बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर (एकदा उघडले की नवे लावायचे, जुने घासून चालत नाहीत), फिल्टरचं रबर, हँड प्रायमरचं सील, टाकीतल्या सक्शन पाइपला वरून गेलेला तडा. शेवटचा प्रकार टाकी अर्ध्याखाली आली की त्रास देतो, भरली की गाडी सरळ.

६. कॅनचा प्रयोग. वरचं सगळं करून संशय उरला असेल तर २० लिटरच्या स्वच्छ कॅनमधून, नव्या फिल्टरमधून, थेट फीड पंपाला डिझेल द्या. परतीचा पाइपही कॅनमध्येच. इंजिन गरम करून रेस द्या. गाडी सरळ चालली तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात. तरी मिसिंग असेल तर कमी दाबाची बाजू निर्दोष, पुढे सरका. या एका प्रयोगाने बरेच नोझल वाचतात.

हवेची बाजू

एअर फिल्टरचा इंडिकेटर लाल झालाय का बघा. साधारण ६३५ मिलिमीटर पाण्याइतका अडथळा झाला की तो लाल होतो. फिल्टर झटकून पुन्हा बसवण्याची सवय सोडा. कॉम्प्रेसरच्या जोरात हवा मारल्याने कागदाला बारीक भोकं पडतात आणि मग धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे होज पूर्ण लोडवर तापतात आणि फुगतात. चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला, क्लिपच्या कडेला असते. उभ्या गाडीत बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) फारसा तयार होत नाही, म्हणून नुसत्या रेसवर गळती कळत नाही. होजची दोन्ही टोकं बूच लावून, क्लिपने घट्ट आवळून, १ बारपर्यंतच हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. बूच उडू शकतं, त्याच्या समोर उभं राहू नका. होजच्या आत ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. वाटीभर ऑइल निघालं तर टर्बोच्या शाफ्टचा खेळ तपासा.

ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडाच अडकला तर आयडल खडबडीत आणि धूर काळा. काढून साफ करता येतो. पण तो कायमचा बंद करून टाकण्याचा सल्ला देणारे खूप आहेत, त्यांचं ऐकून बीएस ६ गाडीत दुसरे चार कोड ओढवून घेऊ नका.

स्कॅनर

कोड वाचा, लिहून ठेवा, आणि मगच पुसा. न लिहिता पुसणं ही सगळ्यात स्वस्तात होणारी महाग चूक. हलक्या गाड्यांत पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी, पी०२०१ ते पी०२०४ म्हणजे त्या त्या इंजेक्टरची वायरिंग, पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी०२१७ म्हणजे इंजिन जास्त तापलं होतं, पी०३३५ क्रँक सेन्सर. मोठ्या ट्रकांत त्याऐवजी एसपीएन नावाचे बिघाडाचे क्रमांक दिसतात: १५७ रेल प्रेशर, ९४ डिझेलचा पुरवठा, १०२ बूस्ट, ११० कूलंट, १७४ डिझेलचं तापमान, ६५१ ते ६५६ इंजेक्टर एक ते सहा.

कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी लावा. आयडलला साधारण २५० ते ४०० बार, आणि दोघांत २०-३० बारपेक्षा जास्त फरक नको. मग कुणाला तरी शेजारी बसवून चढावर घ्या. मागणी १४०० आणि प्रत्यक्ष १२०० वर अडखळत असेल तर डिझेल कमी पोचतंय, पंप दमलाय किंवा इंजेक्टर गळतायत. दाब दोन्हीकडे जुळतोय आणि तरी मिसिंग, तर एखाद्या सिलिंडरचा प्रश्न.

गरम गाडी बंद केली की लवकर स्टार्ट होत नाही, थंड झाल्यावर अर्ध्या सेल्फला चालू? सेल्फ मारताना रेलचा दाब बघा. २०० बारच्या आसपास पोचला नाही तर बरेच ईसीयू इंजेक्शनच सोडत नाहीत. पातळ झालेलं डिझेल झिजलेल्या इंजेक्टरमधून परत पळतंय, याची ही ठळक खूण.

कोणता सिलिंडर?

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत उस्ताद एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून आवाज ऐकायचे. ज्याचा नट सैल करून फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. तिथे आयडललाच २५० बारच्या वर दाब असतो. सुईसारखी धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. वरून बारीक टाचणीचं टोक दिसतं, आतून हात सडतो. असं झालंच तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये, आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. इंजिन बंद केल्यावरही हाय प्रेशरचा नट उघडण्याआधी किमान १० मिनिटं थांबा. इंजेक्टरच्या वायरवर चालू गाडीत ५० व्होल्टच्या वर दाब येतो, तिथेही बोट नको.

स्कॅनरने एकेक इंजेक्टर बंद करून बघा. बंद केल्यावर ज्याचा आवाज बदलत नाही तो दोषी. स्कॅनरमध्ये सिलिंडर बॅलन्स असेल तर प्रत्येक सिलिंडरला ईसीयू किती डिझेल वाढवतोय किंवा कमी करतोय ते मिलिग्रॅममध्ये दिसतं. बाकीचे शून्याच्या आसपास आणि एक ४-५ वर, म्हणजे तो सिलिंडर कमी काम करतोय. इंजेक्टर, कॉम्प्रेशन, यातलं काहीही कारण असू शकतं. आकडा फक्त सिलिंडर दाखवतो.

स्कॅनर नसेल तर इन्फ्रारेड गन. थंड इंजिन चालू करून पहिल्या दोन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडावर मोजा. उशीर केला तर सगळं लोखंड सारखंच तापतं आणि काही कळत नाही.

सिलिंडर सापडला की आधी वायरिंग. टॅपेट कव्हरच्या आतली हार्नेस उष्णतेने कडक होते, पिना सैल होतात. थंड असताना जोडलेल्या, गरम झाल्यावर सुटलेल्या. कनेक्टर काढून पिना बघा, सोलेनॉइड इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा. साधारण अर्ध्या ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे मीटरच्या वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स वजा करायला विसरू नका. सगळे सारखे आणि एक वेगळा, तर तो.

परतीच्या डिझेलची चाचणी

चार सारख्या बाटल्या, चार सारखे पाइप. इंजिन गरम हवं, थंड इंजिनावर ही चाचणी खोटं बोलते. प्रत्येक इंजेक्टरचा परतीचा पाइप काढून बाटलीत सोडा, मूळ परतीच्या लाइनचं तोंड बंद करा. आयडलवर ३ मिनिटं, मग १५००-२००० आरपीएमवर १ मिनिट. बाटल्या शेजारी ठेवून बघा. एकात बाकीच्यांच्या दुप्पट किंवा जास्त, तर तो इंजेक्टर गळका. सगळ्यांत सारखंच पण खूप, तर पूर्ण सेट झिजलेला आहे.

दोन अपवाद. पिएझो इंजेक्टरच्या परतीच्या लाइनला दाब लागतो, तिथे अशा उघड्या बाटल्या लावायच्या नाहीत. आणि सहा सिलिंडरच्या बऱ्याच ट्रक इंजिनांत परतीची वाट हेडच्या आतून जाते, बाहेर एकच पाइप. तिथे एकूण परतीचं डिझेल मोजतात, आणि जास्त आलं तर रेलचं एकेक तोंड खास टोपीने बंद करून पुन्हा मोजतात. ज्याचं तोंड बंद केल्यावर आकडा धाडकन उतरतो तो दोषी. इंजेक्टर बदलण्याआधी तिथला आडवा कनेक्टर काढून त्याचं टोक बघा. टोकावर चरा किंवा खाच असेल, किंवा टॉर्क कमी मारलेला असेल, तर गळती तिथूनच होते आणि इंजेक्टर उगाच बदनाम.

इंजेक्टरच्या मुळाशी काळी कडक काजळी आणि "फस-फस" आवाज असेल तर खालचं तांब्याचं वॉशर गेलंय. नवं बसवताना जुनं आत चिकटलेलं नाही ना ते आरशाने बघा, दोन वॉशर बसले की इंजेक्टर वर राहतो. बसण्याची जागा साफ, बोल्टला मॅन्युअलचा टॉर्क, आणि नव्या इंजेक्टरचा कोड ईसीयूत भरल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणू नका. कोड न भरल्याने नवा इंजेक्टरही मिसिंगच देतो आणि दुकानदाराशी भांडण होतं.

क्रँक सेन्सर

गाडी गरम झाली की अचानक झटका, आरपीएमचा काटा क्षणभर शून्यावर, अर्ध्या तासाने सगळं ठीक. सेन्सरची आतली तार उष्णतेने तुटते आणि थंड झाल्यावर जुळते. बिघाड चालू असताना इंजिन बंद करून सेन्सरवर ओलं फडकं ५ मिनिटं धरा. लगेच चालू झाली तर सेन्सर बदला.

हेड गॅस्केट

टोचनमध्ये काटा एकदा जरी लाल पट्टीत गेला असेल तरी हा भाग सोडू नका.

इंजिन गरम असताना कूलंट जातं, पण बाहेर कुठे ओलं दिसत नाही. रात्रभर उरलेल्या दाबाने थोडं कूलंट एका सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी स्टार्टला तो सिलिंडर पेटत नाही, पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो, मिनिटभरात गरम होऊन गाडी सरळ. दिवसभर काही नाही. म्हणून ही तपासणी सकाळी, गाडीला कुणी हात लावण्याआधी करायची. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज दाबा. तो अजून कडक असेल तर कॉम्प्रेशन पाण्यात जातंय. झाकण उघडून (थंड आहे म्हणून) इंजिन चालू करा. थोडे बुडबुडे सुरुवातीला ठीक, सतत आणि रेसबरोबर वाढणारे बुडबुडे नाहीत. पक्कं करायला ब्लॉक टेस्टरचा निळा द्रव. एक्झॉस्टचा वायू लागला की तो हिरवट-पिवळा होतो.

रात्रीत बरंच कूलंट गेलं असेल तर सेल्फ मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. अडलं तर तिथेच थांबा.

कॉम्प्रेशन मोजताना इंजेक्शन बंद, बॅटरी भरलेली. डिझेलमध्ये साधारण २२ ते ३० बार येतो. एकूण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: एखादा सिलिंडर बाकीच्यांहून ३-४ बारने खाली, तर गॅस्केट, व्हॉल्व्ह किंवा रिंग. शेजारशेजारचे दोन खाली, तर मधलं गॅस्केट. ऑइल कॅप काढल्यावर किंवा ब्रीदरमधून जोरात धूर येत असेल, ज्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंग-पिस्टन.

हेड उतरवलं तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेड तपासा. ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या वर वाक असेल तर सर्फेसिंग. प्रेशर टेस्टने तडा बघून घ्या. अंशात आवळायचे हेड बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते नवेच. बऱ्याच हलक्या इंजिनांत गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत येतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी निवडतात. जुन्यावर जितक्या खाचा तितक्याच नव्यावर हव्या.

आणि गाडी मुळात का तापली, तेही शोधा. नाहीतर नवं गॅस्केट पुढच्या टोचनला जाईल. इंजिन गरम पण बंद असताना व्हिस्कस पंखा हाताने फिरवा. जड हवा. एका फटक्यात गरागरा फिरला तर पंख्याचा क्लच गेला. रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मध्ये साचलेली धूळ, उसाचं पाचट, पिसं समोरून दिसत नाहीत, इंटरकूलर सैल करून मागून पुढे पाणी मारावं लागतं.

बीएस ६ गाडीत गोंधळ नको

डीपीएफचं (एक्झॉस्टमधली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, सुरू असताना आयडल आपोआप वाढतं, आवाज बदलतो, सायलेन्सरमधून ५५०-६०० अंशांची हवा येते. ते मिसिंग नाही. इंजिन मध्येच बंद करू नका, आणि गाडी वाळक्या गवतावर उभी नको. रिजनरेशन वारंवार अर्धवट राहिलं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल बदला. युरियाच्या बाजूच्या बिघाडात पॉवर सरळ कापली जाते, इंजिन अडखळत नाही. अडखळत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

दुरुस्तीनंतर

गाडी थंड असताना दोन चकरा मारून मालकाला किल्ली देऊ नका. बिघाड उष्णतेत आला होता, चाचणीही उष्णतेतच. दुपारी, लोडसह, किमान तासभर, एखादा चढ घेऊन. स्कॅनर लावलेला, रेलचा दाब, कूलंट आणि डिझेलचं तापमान समोर. चढावर १००० आरपीएमवर इंजिन घुसमटवू नका, एक गियर खाली टाकून १६०० ते २००० मध्ये ठेवा. त्यात पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरतात. परत आल्यावर इंजिन बंद करा, १५ मिनिटांनी गरमच पुन्हा स्टार्ट करून बघा. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टार्ट करण्याआधी, ती रेघ बघायला पुन्हा या.